उडालेलं झाड आणि थांबलेलं बी

एक झाड होतं आणि ते एका रात्रीत उडून गेलं. हसू नको विठू, आधी ऐक तर खरं.

गोष्ट जपानची, अकराशे वर्षांमागची. क्योतो तेव्हा त्यांची राजधानी. तिथं सुगावारा नो मिचिझाने नावाचा एक पंडित होता. कविता करायचा, दरबारात मोठ्या हुद्द्यावरही होता. माणूस वर चढला की त्याच्यावर जळणारेही वाढतात. त्यांनी राजाचे कान भरले आणि सन ९०१ मध्ये मिचिझानेची रवानगी झाली पार दाझाइफूला, पाचशे किलोमीटरच्या पुढं. कागदावर बदली, खरं तर हद्दपारी. किनवटला बदली झाली की नांदेडची साहेब मंडळी एके काळी असंच तोंड करायची, पण ते जाऊ दे. मिचिझानेच्या अंगणात उमेचं एक झाड होतं, त्याचं फार लाडकं. निघताना त्यानं त्या झाडासाठी निरोपाची कविता केली आणि गेला. इकडं झाडाला काही करमेना. मग एका रात्री ते मुळासकट उठलं, आभाळातून गेलं आणि दाझाइफूला त्याच्या दारात जाऊन उभं राहिलं.

९०३ साली मिचिझाने तिथंच वारला. पुढं लोकांनी त्याला विद्येचा देव मानलं, मोठं देऊळ बांधलं. देवळासमोर ते उडून आलेलं झाड आजही दाखवतात आणि आवारात उमेची सहा हजारांच्या आसपास झाडं आहेत. परीक्षा जवळ आली की पोरं तिथं रांगा लावतात. विठू, तुझ्या दहावीला उपयोगी पडलं असतं, पण भाडं परवडायचं नाही.

"आबा, झाड कसं उडेल?" सईचा प्रश्न रास्त आहे. झाड उडत नाही. बी मात्र उडतं. आपल्या पळसाचंच बघा ना. चपटी, कागदासारखी शेंग आणि तिच्या एका टोकाला एकच बी. उन्हाळ्यात वारा सुटला की ती शेंग गरगरत कुठल्या कुठं जाऊन पडते. उमेच्या आठळीला असले पंख नाहीत. ती टणक, जड. तेव्हा माझा आपला तर्क असा, की मिचिझानेच्या मागं गेलेल्या कुणा भल्या माणसानं एखादी फांदी नेली असेल, नाहीतर बाहीत दोन आठळ्या टाकल्या असतील. चोरीचा माल म्हणून कुणाला बोलला नसेल आणि लोकांनी त्याचं उड्डाण केलं!

आता हे उमे म्हणजे काय? सईनं मोबाइलवर त्या गुलाबी फुलांचा फोटो पाहिला आणि कालपासून घोशा लावला आहे की आपल्या अंगणात हेच लावू. हे झाड मूळचं चीनचं, तिथं त्याला मेइ म्हणतात. बाजारात जे जर्दाळू आणि आलुबुखार मिळतात, त्यांचं हे सख्खं भावंड. फळ आंबटढाण, म्हणून जपानी लोक ते मिठात मुरवून भाताबरोबर खातात. कौतुक आहे ते फुलांचं. भर थंडीत, कधी कधी तर आजूबाजूला बर्फ असताना, पान नाही पालवी नाही अशा उघड्या फांदीवर ती उमलतात. आणि वास! चीनमध्ये, जपानमध्ये कवी त्यावर हजार वर्षांहून जास्त काळ लिहीत आले आहेत. तैवाननं १९६४ साली ते राष्ट्रीय फूल केलं. उघड्या फांदीवर फुलण्याचं नवल आपल्याला नको सांगायला. माघ-फाल्गुनात इस्लापूरच्या रस्त्यानं जा, पळसाचं अख्खं झाड केशरी झालेलं असतं आणि पान एक नाही.

तर आठळी रुजवायची. सोपं वाटतं ना? मातीत घातली, पाणी घातलं, उगवली. नाही उगवत. गंमत इथून सुरू होते.

उमेचं फळ पिकतं जूनमध्ये. तिकडंही तेव्हा पावसाचे दिवस असतात. आणि इकडं, आपल्या पैनगंगेच्या काठी, मृगाच्या सरींबरोबर काय पडतं? जांभूळ. म्हणजे बघा, एकाच महिन्यात, पावसातच, दोन देशांत दोन झाडांची फळं खाली पडतात. दोन्हीच्या बिया ओल्या मातीत जातात. जांभळाचं बी पंधरा दिवस ते महिन्याभरात कोंब काढतं. उमेचं बी हूं की चूं करत नाही. सगळा पावसाळा पडून राहतं, शरद ऋतू पडून राहतं, बर्फ पडतो तरी पडूनच, आणि वसंतात एके दिवशी आठळी उकलते.

विठू म्हणतो, आळशी आहे. अरे, आळशी नाही, हिशोबी आहे. जूनमध्ये उगवून आलं तर चार-सहा महिन्यांचं कोवळं रोप थेट बर्फात सापडायचं. तेवढ्यात खोड जून होत नाही. ज्या बिया तशा घाईनं उगवल्या त्या मेल्या, ज्या थांबल्या त्यांची झाडं झाली, त्यांनाच पुढं बिया आल्या. हजारो पिढ्या हेच चाललं, म्हणून आजच्या बीच्या अंगात थांबण्याची सवय भिनलेली आहे. हिवाळा येऊन गेला हे पटल्याशिवाय ती हलत नाही.

पण पटतं कसं? तिला ना डोळे ना पंचांग. एखादी थंड रात्र आली म्हणून ती फसत नाही. सलग दोन-तीन महिने गारवा हवा, गोठणबिंदूच्या जरा वर, आणि त्या वेळी बी ओलं हवं. कोरडी आठळी बरणीत घालून थंडीत ठेवली तर ती थंडी हिशोबात धरलीच जात नाही. बीच्या आत दोन रसायनं असतात. एकाचं नाव ॲब्सिसिक आम्ल, त्याचं सांगणं, थांब. दुसऱ्याचं नाव जिबरेलिन, ते म्हणतं, चल. ताज्या बीत पहिल्याचा जोर असतो. ओल्या गारव्यात आठवड्यामागून आठवडे पहिलं ओसरत जातं आणि दुसऱ्याचं पारडं जड होतं. मग ऊब आली रे आली की कोंब निघतो.

या जिबरेलिनचीही एक गोष्ट आहे, सांगूनच टाकतो. जपानी शेतकऱ्यांच्या भातात काही रोपं एकाएकी उंचच उंच वाढायची, पिवळी पडायची आणि लोळायची. दाणा भरायचा नाही. शेतकरी त्यांना वेडी रोपं म्हणायचे. एइइची कुरोसावा नावाच्या संशोधकानं १९२६ साली दाखवलं, की हा एका बुरशीचा प्रताप आहे आणि बुरशी नसली तरी तिनं सोडलेला नुसता रसही रोपाला तसंच ताणतो. त्या रसातून पुढं जे निघालं ते जिबरेलिन. मग लक्षात आलं की झाडं स्वतःही ते बनवतात. नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले घड कशात बुडवतात? जी.ए.त. ते हेच. मणी लांबतो, फुगतो तो त्यानं. अडून बसलेल्या काही बियांना याच्या पाण्यात भिजवलं तर थंडीची थोडीफार भरपाई होते. वेड्या भातातून निघालेली वस्तू द्राक्षाच्या मळ्यात पोचली, याला म्हणतात नशीब.

तर ज्यांच्याकडं हिवाळा कमी पडतो ते लोक काय करतात? फ्रिज. फळाचा गर पुरता काढायचा, आठळी धुवायची, ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये घालून पिशवी बांधायची आणि भाजीच्या कप्प्यात दोन-तीन महिने ठेवायची. ओलसर म्हणजे ओलसर, पाणी साचलं की बुरशी येते. अधूनमधून उघडून बघायचं. काही आठळ्या तिथंच, थंडीतच, मूळ काढतात. मग कुंडीत. आणि हो, आतला कडू गर तोंडात घालायचा नाही. त्यातला एक पदार्थ पोटात गेला की सायनाइड तयार होतं. हे खाऊ नये म्हणून झाडानंच केलेली तजवीज आहे.

सईचे डोळे चमकले. थांब बाई, पुढचं ऐक. बी फसवता येतं, झाडाचं काय करशील? त्याच्या फुलांच्या कळ्याही दर वर्षी थंडीचा हिशोब मागतात. तो पुरा झाला नाही तर कळी धड उमलत नाही. आपल्याकडं पौषात दोन-चार आठवडे शेकोटी पेटते खरी, पण दुपारी अंगातला स्वेटर काढावाच लागतो. आणि वैशाखात पारा बेचाळिसाच्या वर. अख्खं झाड फ्रिजमध्ये घालता येत नाही. शिवाय परदेशातून खिशात बी टाकून आणणं कायद्यात बसत नाही. २००३ चा केंद्राचा आदेश आहे, परवाना लागतो, रोग-किडीची तपासणी लागते. जाच वाटतो, पण काँग्रेस गवत परदेशातूनच आलं आणि बांधाबांधावर कसं माजलं ते बघतोसच. जपानमधल्या काकांना सांगून आठळ्या मागवायचा बेत असेल तर तो सोडून दे.

आपल्याकडच्या बिया थांबत नाहीत असं मात्र समजू नका. किनवटचं रान सागाचं. सागाचं फळ कधी हातात घेऊन फोडायला बघितलंय? वर फुगीर कागदी टोपडं, आत लोकरीसारखं अस्तर, त्याच्या आत दगडासारखी आठळी. तिच्यात चार कप्पे, पण बिया बहुतेक एक किंवा दोनच. हे फळ तसंच पेरलं तर थोडी रोपं येतात, बाकीची पुढच्या वर्षी, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी. इथं थंडीचा प्रश्न नाही. इथं भीती आहे वळवाच्या पावसाची. वैशाखात एक जोरदार सर येते, माती भिजते, मग महिनाभर परत भाजून काढणारं ऊन. त्या एका सरीला भुलून उगवेल त्याचं काही खरं नाही. म्हणून सागाचं बी एका भिजण्यावर विश्वास ठेवत नाही. भिजलं, वाळलं, परत भिजलं, परत वाळलं, असं पुष्कळदा व्हावं लागतं, तेव्हा ते टणक कवच सैल पडतं.

रोपवाटिकेत तेच नाटक करतात. रात्रभर बी पाण्यात, दिवसा उन्हात पसरून, परत रात्री पाण्यात. आठवडा-दोन आठवडे हाच उद्योग. कुणी शेणकाल्यात भिजवतात. मग गादीवाफ्यावर पेरणी. हे ज्ञान फुकट आलेलं नाही बरं. केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली यानं सागाची लागवड करायचं मनावर घेतलं, कारण जहाजांना लाकूड पुरेना. बी उगवेना म्हणजे उगवेना. नाना उपाय करून झाले. शेवटी चातू मेनन नावाच्या तिथल्या अधिकाऱ्यानं रोपं उठवून दाखवली. त्या वेळच्या सागाचा एक तुकडा तिथं अजून राखलेला आहे. नाव मात्र कॉनोलीचं लागलं.

"आबा, मग उनकेश्वरच्या गरम पाण्यात भिजवलं तर?" वा विठू! प्रश्न अस्सल किनवटचा. काही बियांना गरम पाणी लागतंच. सुबाभळीच्या बीवर मेणचट, पाणी न शिरणारं कातडं असतं. उकळी येऊन उतरवलेल्या पाण्यात ती थोडा वेळ टाकली की कातडं सैल होतं आणि पाणी आत जातं. पण उनकेश्वरचं कुंड अंघोळीचं, तेवढ्या पाण्यानं सुबाभळीचं भागायचं नाही. आणि सागाला तर गरमापेक्षा उन्हा-पाण्याची अदलाबदल हवी.

बोराची तऱ्हा वेगळी. त्याच्या आठळीत बहुधा दोन बिया असतात आणि त्यांना बाकी काही नको असतं, फक्त बाहेर पडायला वाट हवी असते. आठळी तशीच पेरली तर महिना-महिना वाट बघायला लावते. अलगद ठोकून बी मोकळं केलं तर आठवड्या-दहा दिवसांत कोंब. अलगद म्हणजे खरंच अलगद, नाहीतर बोट आणि बी दोन्हीचा चेंदा. मिठाच्या दाट पाण्यात आठळ्या टाकल्या की पोकळ त्या तरंगतात, त्या टाकून द्यायच्या. रानात हे काम कोण करतं? अस्वल, कोल्हे. बोरं आवडीनं खातात आणि आठळ्या चार कोसांवर नेऊन टाकतात, वर खतही देतात. बोराचं मूळ सरळ पाताळात जायला निघतं, म्हणून पिशवीत जास्त दिवस कोंडायचं नाही. जागेवरच आठळी लावायची, रानबोराचा खुंट वाढू द्यायचा आणि मग त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरायचा.

थांबायचं म्हणजे तरी किती थांबायचं? याचा छडा लावायला अमेरिकेत मिशिगनच्या शेतकी कॉलेजातल्या विल्यम बील नावाच्या प्राध्यापकानं १८७९ साली एक उचापत केली. शेतकरी विचारायचे, तण किती वर्षं उपटायचं, त्याचं बी मातीत किती वर्षं जिवंत राहतं? यानं वीस बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत एकवीस जातींच्या पन्नास-पन्नास बिया ओल्या वाळूत मिसळून घातल्या आणि कॉलेजच्या आवारात बाटल्या तोंड खाली करून पुरल्या. दर पाच वर्षांनी एक काढायची, पेरायची, काय उगवतं ते बघायचं. बियांचा चिवटपणा बघून पुढच्या लोकांनी पाचाची दहा वर्षं केली, मग वीस. बील १९२४ मध्ये वारला. बाटल्या अजून निघताहेत! शेवटची निघाली २०२१ मध्ये, ती २०२० ला निघायची होती, पण कोरोना आडवा आला. जागेचा नकाशा मोजक्याच लोकांकडं असतो आणि खोदायचं रात्रीच, कारण काही बिया उजेडाच्या एका तिरिपेनंही जाग्या होतात, मग प्रयोगाचा घोटाळा. त्या बाटलीतल्या बियांनी १४२ वर्षांनंतर कोंब काढले. सगळ्यांनी नाही. एक पिवळ्या फुलांचं तण सगळ्यांना पुरून उरलं. पुढची बाटली २०४० मध्ये आणि शेवटची २१०० मध्ये.

आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपलं जांभूळ. त्याच्या बीला थांबताच येत नाही. जांभळाचं बी म्हणजे ताजं दूध, ठेवलं की गेलं. आतमध्ये भरपूर पाणी असतं आणि ते सुकलं की बी मेलं. डब्यात भरून दिवाळीला पेरू म्हटलं तर काही उगवत नाही. फ्रिजच्या ज्या थंडीनं उमेचं बी जागं होतं ती याला बाधते. मोहाचंही तसंच, त्याचं तेलकट बी काही आठवड्यांतच गतप्राण होतं. कशाला थांबायचं त्यांनी? फळ पडतं तेव्हा पुढं पावसाचे चार महिने असतात. पळसाचं बीही याच पावसात रुजतं. वर्षातला याहून चांगला मुहूर्त पुढं यायचाच नाही, मग थांबण्याची तयारी अंगात ठेवायची कशाला?

तर सई, अंगणात उमे नाही, जांभूळ. तोंड वाकडं करू नको. त्याच्यात एक खुबी आहे ती उमेत नाही. उमेची आठळी लावली तर येणारं झाड आईसारखं असेलच असं नाही. फूल गुलाबीचं पांढरं होईल, फळ आणखी आंबट होईल. कारण बहुतेक वेळा पराग दुसऱ्या झाडाचा असतो. म्हणून तिकडं नावाजलेल्या जाती कलमानंच वाढवतात. जांभळाच्या एका बीतून मात्र पुष्कळदा दोन, तीन, कधी चार कोंब येतात. एका बीत अनेक गर्भ! त्यातला एक रीतसर, परागातून झालेला. बाकीचे आईच्याच पेशींतून, परागाचा संबंध नसताना तयार झालेले. म्हणजे हुबेहूब आई. आंब्याच्या कोकणातल्या-केरळातल्या काही जातींतही हे होतं.

"मग खरा कोंब कुठला?" बघून सांगता येत नाही. बहुधा जो जोरकस वर येतो तो आईच्या पेशींतला असतो, पण पैज लावू नका. आज संध्याकाळी खाल त्या जांभळांच्या बिया धुवून लगेच पेरायच्या, उद्यावर टाकायच्या नाहीत. पिशवी जरा खोल घ्या, तळाला भोकं पाडा, बी बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. कोंब दोन-तीन आले आणि दोन-चार पानांवर गेले की पिशवी भरपूर भिजवून, मुळं न तोडता वेगळे करा. सई, तू मोठा ठेव, विठू, तू धाकटा. आणि बकरी येणार नाही अशी जागा शोधा, गेल्या वर्षीचं सीताफळ तिनंच खाल्लं.